झाडीबोलीची शब्दसूची आणि संगणकाची कमांड लाइन

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या उत्तरेस बालाघाट असून पूर्वेस छत्तीसगड आहे. जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत प्रमाण मराठी, हिंदी, झाडीबोली, पोवारी, गोंडी व छत्तीसगडी या भाषा एकाच बाजारात, पुष्कळदा एकाच घरात कानी पडतात. अशा प्रदेशात बोलींचे शब्द टिपणाऱ्यांची उणीव नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्यांच्या परिश्रमांमुळे झाडीबोली हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय झाला, आणि आज अनेक शिक्षक, विद्यार्थी व हौशी संग्राहक आपल्या सूच्या थेट संगणकावर उतरवितात. अडचण पुढे येते. हजार-दोन हजार शब्द जमले म्हणजे त्यांची गणना, वर्णानुक्रम व तुलना करावी लागते. आणि पडद्यावर निर्दोष दिसणारी सूची यंत्राच्या दृष्टीने सदोष असू शकते हे संग्राहकाच्या फार उशिरा ध्यानात येते. कमांड लाइनवरील काही मोजक्या आज्ञांनी हे काम कसे करावे आणि त्या आज्ञा देवनागरीच्या बाबतीत कोठे फसवितात, याचे विवेचन येथे केले आहे.

आज्ञांची नावे पुढे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टंकताना ती लहान रोमन अक्षरांत टंकावयाची. पर्याय म्हणजे आज्ञेच्या नावापुढे आडव्या रेघेने जोडलेले अक्षर.

मांडणीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. लिनक्स असलेल्या संगणकावर टर्मिनल असतेच. पुण्याच्या सी-डॅकची ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनवर आधारलेली असल्याने तिच्यावर हीच रीत चालते. विंडोज वापरणाऱ्याने ‘डब्ल्यूएसएल’ ही आज्ञा ‘इन्स्टॉल’ या पर्यायासह (त्यापूर्वी दोन आडव्या रेघा) एकदा दिली की विंडोजच्या आतच लिनक्स उपलब्ध होते. त्यानंतर मराठीचे ‘लोकेल’, म्हणजे वर्णक्रम व अक्षरवर्ग यांचे स्थानिक नियम, उत्पन्न करून घ्यावे. डेबियन-परंपरेत ‘ईटीसी’ या फोल्डरमधील ‘लोकेल.जेन’ नावाच्या फाइलीत मराठीची ओळ टिप्पणीच्या खुणेआड झाकलेली असते. ती खूण काढून ‘लोकेल-जेन’ ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवावी. एवढी तयारी पुरेशी होय.

सूचीची फाइल साधी मजकुराची असावी. एका ओळीत एक नोंद, आणि नोंदीचे घटक (शब्द, अर्थ, गाव, वर्ष, सांगणाराचे अंदाजे वय) टॅबने विलग केलेले. मूळ फाइल ‘सीएचमॉड’ने लेखनास बंद करून ठेवावी व सर्व संस्कार तिच्या प्रतीवर करावेत. क्षेत्रकार्यातील वही जशी कोणी खोडत नाही, तशीच ही फाइल समजावी.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. संगणक अक्षर साठवीत नाही, संकेतांक साठवितो. युनिकोडमध्ये देवनागरीचा पट्टा ०९०० पासून ०९७एफ पर्यंतचा (हे अंक षोडशमान पद्धतीचे) असून त्याची रचना भारतीय मानक ‘इस्की’च्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. हे संकेतांक फाइलीत उतरविण्याची यूटीएफ-८ ही रीत केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ साली योजिली. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ज्या थॉम्प्सनने १९७३ च्या सुमारास शोध घेणारी ‘ग्रेप’ ही आज्ञा लिहिली, त्याच्याच हातून पुढे ही लेखनरीती घडली, हा योग लक्षणीय आहे. कारण ग्रेपचा संसार मुळात एका बाइटाच्या रोमन अक्षरांवर मांडलेला होता, आणि देवनागरीच्या वाट्यास येणाऱ्या बहुतेक अडचणींचा उगम तेथेच आहे.

‘गोंदिया’ हाच शब्द घ्या. वाचकाच्या दृष्टीने त्यात तीन अक्षरे आहेत: गों, दि, या. ‘डब्ल्यूसी’ या गणनेच्या आज्ञेस ‘एम’ हा पर्याय दिल्यास ती सात चिन्हे मोजते: ग, ओकाराची मात्रा, अनुस्वार, द, इकाराची मात्रा, य, आकाराची मात्रा. ‘सी’ हा पर्याय दिल्यास एकवीस बाइट मिळतात. शब्द ‘एको’ या आज्ञेने पाठविला असल्यास दोन्ही संख्या एकाने वाढतात, कारण एको शेवटी नवी ओळ जोडते. ‘प्रिंटएफ’ जोडत नाही. तीन, सात की एकवीस, यांपैकी शब्दाची लांबी कोणती मानावी हे यंत्र ठरवीत नाही. अक्षरांचीच गणना हवी असेल तर ग्रेपच्या ‘मोठ्या पी’ पर्यायासह उलटी तिरकी रेघ व मोठा एक्स हे शोधरूप वापरता येते. परंतु जोडाक्षर हे एक अक्षर धरण्याचा नियम युनिकोडच्या विभाजन-नियमांत १५.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून आला. त्यापूर्वीच्या साधनांत ‘क्ष’ची दोन अक्षरे होतात. जुन्या व नव्या संगणकांवर काढलेल्या अक्षरसंख्या म्हणूनच एकमेकींशेजारी मांडू नयेत.

एकाच दर्शनामागे भिन्न संकेतांक असणे ही गोष्ट याहूनही अधिक घातक आहे. पूर्व विदर्भात धानाच्या रोपांना ‘पऱ्हे’ म्हणतात. धानाच्या या प्रदेशातील कोणत्याही शब्दसूचीत हा शब्द पुनःपुन्हा येणार. त्यातील अर्ध्या र-चे, ज्याला कोणी चंद्रकोरीसारखा र म्हणतात, लेखन तीन प्रकारे होते. पहिला प्रकार: ०९३१ हा स्वतंत्र ‘ऱ’, त्यापुढे हलंत, त्यापुढे ह. दुसरा: साधा र, त्याखाली नुक्ता (०९३सी), मग हलंत व ह. तिसरा: साधा र, हलंत, नंतर २००डी हा न दिसणारा जोडक, मग ह. पडद्यावर व कागदावर तिन्ही सारखेच दिसतात. डब्ल्यूसीला मात्र पहिल्यात पाच चिन्हे व पंधरा बाइट आढळतात, उरलेल्या दोहोंत सहा चिन्हे व अठरा बाइट. तीन संग्राहकांनी तीन निरनिराळे कळफलक वापरून आणलेल्या सूच्या एकत्र केल्या तर ‘पऱ्हे’ हा एक शब्द न राहता तीन शब्द होतात, आणि वारंवारतेच्या कोष्टकात तो तीन ठिकाणी विखुरला जाऊन खाली घसरतो. ज्या शब्दावाचून झाडीपट्टीतील शेतीचे वर्णनच करता येत नाही, तो विरळ शब्दांत गणला जातो.

यांपैकी पहिल्या दोन रूपांना युनिकोड समतुल्य मानते. ‘यूकॉन्व्ह’ या आज्ञेस ‘एक्स’ या पर्यायासह ‘एनी-एनएफसी’ हे रूपांतर सांगितले की दुसरे रूप पहिल्यात विलीन होते. तिसऱ्यास ही प्रक्रिया स्पर्शही करीत नाही. त्यासाठी ‘सेड’ या संपादक आज्ञेने र, हलंत व जोडक या क्रमाच्या जागी ऱ व हलंत हा क्रम घालावा लागतो. आणखी एक चौथा प्रकार उरतो. कळफलकावर अर्धा र न सापडल्याने काही जण ‘पर्हे’ असा रफार लिहितात. त्याची दुरुस्ती यंत्रावर सोपविणे सर्वथा वर्ज्य. ‘दर्या’ व ‘दऱ्या’, ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’ या जोड्या मराठीत अर्थभेदक आहेत. सरसकट बदल केल्यास समुद्राच्या जागी डोंगरातील खोरी येतील. असे शब्द ग्रेपने वेगळे काढून डोळ्यांनीच तपासले पाहिजेत.

हाच प्रकार ‘ॲ’च्या बाबतीत घडतो. ०९७२ हा स्वतंत्र संकेतांक युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ साली आला. त्याआधीचे लेखन अ व चंद्र यांच्या जोडणीने केलेले आहे, कोठे मध्ये जोडक घालून. आणि हिंदी कळफलकावर टंकणारे ०९०डी हा ‘ऍ’ वापरतात. ही रूपे युनिकोडच्या दृष्टीने परस्परांस समतुल्य नाहीत, त्यामुळे एनएफसीचा येथे उपयोग होत नाही व पुन्हा सेडच हाती घ्यावी लागते. पोवारीतील ‘ड़’ची गोष्ट उलट आहे: ०९५सी हा एकसंध संकेतांक असूनही एनएफसी त्याचे ड व नुक्ता असे विघटन करते, कारण हा वर्ण जोडून न लिहिण्याच्या यादीत ठेवलेला आहे. ऱ जोडला जातो, ड़ फोडला जातो. या विसंगतीचे समर्थन कठीण आहे. ती ध्यानात ठेवणे हाच मार्ग.

आता प्रत्यक्ष शोधाचा प्रसंग. प्रमाण मराठीतील ‘ण’च्या जागी ‘न’ व ‘ळ’च्या जागी ‘र’ हे झाडीबोलीचे सुपरिचित लक्षण आहे: पाणी तेथे ‘पानी’ होते, डोळा ‘डोरा’ होतो. समजा, आमगाव व सालेकसा या बाजूस जमविलेल्या सूचीत हे लक्षण किती शुद्ध स्वरूपात आढळते हे एखाद्या विद्यार्थ्यास पाहावयाचे आहे. तो ग्रेपला [ळण] हे शोधरूप देतो, म्हणजे या दोहोंपैकी कोणतेही चिन्ह असलेल्या ओळी मागतो, आणि ग्रेप त्याच्यापुढे सूचीतील यच्चयावत ओळी टाकते. ‘पानी’, ‘डोरा’, सारे काही. अननुभवी माणूस येथे दोनच निष्कर्ष काढील: सूची बिघडली आहे, अथवा बोलीविषयीचे विधान चूक आहे. दोन्ही खोटे. संगणकाचे लोकेल त्या वेळी ‘सी’ असते, एवढेच. त्या लोकेलमध्ये यंत्रास अक्षर माहीत नसते, बाइट माहीत असतो. ळचे बाइट ई०, ए४, बी३; णचे ई०, ए४, ए३. चौकटी कंसातील दोन अक्षरे यंत्रास सहा सुटे बाइट दिसतात, आणि ई० हा बाइट देवनागरीच्या प्रत्येकच चिन्हाच्या आरंभी असतो. साहजिकच प्रत्येक ओळ जुळते. लोकेल मराठीचे वा कोणतेही यूटीएफ-८चे केले की तीच आज्ञा योग्य उत्तर देते. म्हणून शोधास आरंभ करण्यापूर्वी ‘लोकेल’ ही आज्ञा एकदा चालवून पाहणे हे वजनकाट्याचा काटा शून्यावर आहे की नाही हे पाहण्यासारखे आहे.

उत्तर योग्य आले तरी त्याचा अर्थ लावणे राहतेच. सूचीत पन्नास ‘ळ’ निघाले तर ते सांगणाराच्या मुखातले की लिहिणाराच्या शाळेतले? येथे नोंदीतील गावाचा व वयाचा रकाना कामास येतो. टॅबने विलग केलेल्या रकान्यांतून ‘ऑक’ (ए, डब्ल्यू, के) ही आज्ञा शब्द व गाव एवढेच उचलते, आणि गावागणिक ळची संख्या मांडता येते. एकाच संग्राहकाने केलेल्या सर्व गावांत ळ आणि दुसऱ्याच्या एकाही गावात नाही असे दिसल्यास तो बोलीचा भेद नसून लेखणीचा होय. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील नमुने वाचणाऱ्यांनाही सांगणारा व लिहिणारा यांना वेगळे करण्याचे हेच कष्ट पडतात. फरक इतकाच, की आज ते कष्ट एका सायंकाळी आटोपतात.

देवनागरीतील अकार लिहिला जात नाही, यानेही शोध चकतो. ‘क’ शोधला तर का, कि, कु, क्य, क्ष हे सर्व मिळतात, कारण त्या प्रत्येकाच्या प्रारंभी क हेच चिन्ह आहे. केवळ अकारान्त क हवा असल्यास मोठ्या पी पर्यायाने क(?![ा-्]) असे शोधरूप द्यावे, कनंतर आकाराच्या मात्रेपासून हलंतापर्यंतच्या पट्ट्यातील काहीही नसावे असा त्याचा अर्थ. पूर्ण शब्द शोधताना ‘डब्ल्यू’ या पर्यायावर विसंबू नये. शब्दाची सीमा कोठे आहे याविषयी त्याच्या कल्पना हलंतापाशी डळमळतात. ओळीत एकच शब्द असलेली उपसूची करून ‘एक्स’ हा पूर्ण ओळ जुळविणारा पर्याय वापरणे अधिक सुरक्षित.

गणनेची सुप्रसिद्ध साखळी अशी: मजकूर ‘सॉर्ट’ला द्यावा, तिचे फलित नळाने, म्हणजे उभ्या रेघेने, ‘यूनिक’ला (यू, एन, आय, क्यू) ‘सी’ पर्यायासह द्यावे, आणि पुन्हा सॉर्टला ‘एन’ व ‘आर’ पर्यायांसह. यूनिक फक्त लगतच्या सारख्या ओळी एकत्र करते, म्हणून आधीची सॉर्ट अपरिहार्य. या साखळीपूर्वी विरामचिन्हे काढण्यासाठी पुष्कळ जण ‘टीआर’ ही आज्ञा वापरतात. रोमन मजकुरात ती उत्तम. देवनागरीत तिने दंड (।) काढावयास सांगणे म्हणजे अनर्थ: लिनक्सवर प्रचलित असलेली ग्नू टीआर बाइटांवर चालते, दंडाचे बाइट ई०, ए५ व ए४ आहेत, आणि ते तिन्ही ती फाइलीत जेथे जेथे आढळतील तेथून उपटून काढते. मागे उरतो तो मजकूर कोणत्याही लिपीत वाचता येत नाही. मूळ फाइल लेखनास बंद ठेवावी असे वर म्हटले त्याचे एक कारण हे. विरामचिन्हांसाठी सेडच वापरावी.

विंडोजवर लिहिलेल्या फाइलींत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह असते, आणि नोटपॅडने जतन केलेल्या काही फाइलींच्या आरंभी तीन बाइटांची खूणही असते. पहिल्यामुळे ‘पानी’ दोन प्रकारचे होते, दुसरीमुळे सूचीतील पहिलाच शब्द कशाशीही जुळत नाही. ‘डॉस-टू-युनिक्स’ ही आज्ञा दोन्ही काढून टाकते.

वर्णानुक्रमाविषयी. ‘सी’ लोकेलमध्ये सॉर्ट संकेतांकांच्या क्रमाने लावते. त्या क्रमात ळ हा लच्या पाठोपाठ येतो व ‘क्ष’ने आरंभ होणारे शब्द कच्या पोटात जातात, मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हच्या नंतर असतात. अनुस्वाराचा संकेतांक सर्व व्यंजनांच्या आधीचा असल्याने ‘कंद’ हा ‘कट’च्या आधी येतो. छापावयाच्या सूचीसाठी मराठी लोकेलचा क्रम घ्यावा. गणना व तुलना यांसाठी मात्र ‘सी’चाच. कारण ‘कॉम’ व ‘जॉइन’ या दोन सूच्या जुळविणाऱ्या आज्ञा दोन्ही फाइली एकाच क्रमाने लावलेल्या असल्या तरच चालतात. एक सूची मराठी क्रमाने व दुसरी संकेतांकांच्या क्रमाने लावून त्यांची तुलना केली की फाइल क्रमाने नाही असा शेरा येतो, आणि तो शेरा दुर्लक्षिला तर समान शब्दही भिन्न ठरतात.

जुन्या फाँटांचा प्रश्न स्वतंत्र आहे. गोंदियाच्या हिंदी-मराठी छपाईत कृतिदेवसारखे फाँट दीर्घकाळ वापरात असल्याने पुष्कळ जुने साहित्य त्यांतच अडकलेले आहे. कृतिदेवमध्ये ‘हिन्दी’ हा शब्द फाइलीत एफ, जी, मोठा यू, एन, एच अशा पाच रोमन अक्षरांनी असतो. देवनागरी केवळ फाँटाच्या आकृतींत असते. लिपिसंकेत बदलणारी ‘आयकॉन्व्ह’ ही आज्ञा येथे निरुपयोगी, कारण तिच्या दृष्टीने तो मजकूर शुद्ध रोमनच आहे. सेडने वर्णागणिक बदल करता येतो. परंतु इकाराची मात्रा तेथे व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, ती संपूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे न्यावी लागते, आणि रफार मागून पुढे आणावा लागतो. प्रथम जोडाक्षरे, मग सुटी अक्षरे, शेवटी मात्रांचा क्रमबदल, अशी शिस्त पाळली नाही तर ‘स्थिती’सारखे शब्द हमखास बिघडतात.

टर्मिनलच्या खिडकीत देवनागरी कित्येकदा विस्कटलेली दिसते. तिची मांडणी समान चौकोनांची असल्याने मात्रा शेजारच्या घरात जातात. त्यावरून फाइल बिघडली असे मानू नये. शंका आली तर ‘ओडी’ अथवा ‘हेक्सडम्प’ने बाइट पाहावेत, तेथे २००डीचे ई२, ८०, ८डी हे तीन बाइटही उघडे पडतात.

गोंडीच्या संग्राहकांपुढे याच अडचणी अधिक तीव्र स्वरूपात येतात. बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी निर्मिलेल्या लिपीस २०१७ च्या युनिकोड १०.० मध्ये, आणि गुंजाळा येथील हस्तलिखितांतील लिपीस २०१८ च्या ११.० मध्ये स्थान मिळाले. या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हास तीन नव्हे, चार बाइट लागतात. ज्या जुन्या प्रणालींच्या क्रमकोष्टकात या लिप्याच नाहीत, तेथे भाषिक लोकेलमध्ये सॉर्ट व यूनिक त्यांतील निरनिराळ्या शब्दांस समान समजण्याचा धोका असतो, आणि शेकडो शब्दांची सूची एका ओळीवर येऊ शकते. गणनेपूर्वी ‘एलसी-ऑल’ हा चल ‘सी’ केला असता हा अपघात टळतो, कारण तेथे बाइटांखेरीज दुसरे काही पाहिलेच जात नाही. देवनागरीत [ळण] शोधताना जे लोकेल घातक ठरले, तेच येथे तारक ठरते.